जात्यावरील ओवी
पहाटे दळण दळताना महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांनी रचलेली व गायिलेली मौखिक गीते. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने धान्याची वैरण घालायची, आणि जात्याच्या घरघरीवर ओवी गायची, असा हा श्रम आणि गाण्याचा मेळ. समोर दुसरी बाई बसली की ओझे वाटले जाई आणि मनातले बोलायला माणूस मिळे. माहेर, भाऊ, सासुरवास, गरोदरपण, आजारपण, विठ्ठल, सीतेचा वनवास हे ओवीचे विषय. देवाला बाई सखा, बाप, भाऊ म्हणून हाक मारते. सीतेचे दुःख स्वतःचे म्हणून सांगते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची ही स्वतंत्र वाङ्मयनिर्मिती आहे, केवळ कामाचा शीण घालवण्याचे साधन नव्हे.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या गायिकांसह एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारतावरील संकेतस्थळ त्या ध्वनी-चित्रफितींसह प्रसिद्ध करीत आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या ओव्यांत विठ्ठलाऐवजी बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्ध येतात. श्रद्धेतील हा बदल बायकांनी जुन्याच चालीत बांधला, ही त्या संग्रहातील सर्वांत मोलाची नोंद म्हणावी लागेल.

गावात पिठाची गिरणी आली आणि रोजचे कष्ट टळले. जाते आता बहुधा लग्नातील हळदीपुरते उरले आहे.