स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

घरातला डबा गळू लागला की आपण त्याला डाख देतो. अगदीच निकामी झाला तर त्यात तुळस लावतो. जुन्या वस्तूला नवे काम लावण्याची ही हातोटी आपण काटकसरीच्या सदरात घालतो. परंतु विज्ञानाच्या इतिहासातही तिला मानाचे स्थान आहे. ते पाहण्यासाठी जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरातल्या एका घरात आपण क्षणभर डोकावू या.

आग्नेस पोकेल्स ह्यांचा जन्म १८६२ सालचा. शाळेत त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लागली. पण त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. धाकटा भाऊ उच्च शिक्षणास गेला. बाईंच्या वाट्याला आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम आले. भावाची पुस्तके वाचून त्यांनी अभ्यास मात्र सोडला नाही.

खरकट्या पाण्यावरचा तेलकट तवंग आपण रोजच पाहतो. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. तवंगाने तो ताण किती बदलतो, हे मोजावे असे विशीतल्या ह्या मुलीच्या मनात आले. साधने कोणती? ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि २ उंच असे पत्र्याचे भांडे. ते काठोकाठ भरून त्यावर पत्र्याचीच एक पट्टी आडवी ठेवावयाची. पट्टी सरकवली की तवंगाला जागा कमी किंवा जास्त मिळे. गुंडीएवढी चकती पाण्याला टेकवून ती सुटण्यास किती वजन लागते, हे लहानशा तराजूने पाहावयाचे. तवंग पसरलेला असेपर्यंत ताण जवळजवळ शुद्ध पाण्याइतकाच राही. मात्र ठराविक मर्यादेपलीकडे तो दाटला की ताण एकदम उतरे!

हा शोध सुमारे दहा वर्षे घरातच राहिला. पत्रा घरात मिळाला, व्यासपीठ मिळाले नाही. इंग्लंडचे लॉर्ड रॅली ह्याच विषयावर काम करीत आहेत हे कळताच जानेवारी १८९१ मध्ये बाईंनी त्यांना पत्र लिहिले. रॅलींच्या पत्नीने त्याचे भाषांतर केले आणि रॅलींनी, श्रेय स्वतःकडे न ओढता, ते ‘नेचर’ साप्ताहिकाकडे धाडले. १२ मार्च १८९१ रोजी ते छापून आले.

पुढे अमेरिकेच्या अर्व्हिंग लँगम्यूर ह्यांनी तशाच, पण सुधारलेल्या भांड्याने काम केले. १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तर वर्षांच्या आग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९३५ मध्ये त्या वारल्या.

नुसत्या पत्र्याने शोध लागत नाही. त्याला प्रश्न आणि माप जोडावे लागते. आपल्या घरी कोणी डबे कापून काही मांडत बसले, तर पसाऱ्याबद्दल रागावण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे : काय मोजतो आहेस? आणि तो प्रश्न मुलीलाही तितक्याच आस्थेने विचारावा.