उणे अठ्ठेचाळीस: टेलिफोनच्या विजेचा आणि ब्रेकर पॅनेलचा इतिहास

आजचा विषय पत्रिकेत वाचून दोघातिघांनी मला फोन केला. तत्त्वज्ञानाचा माणूस ब्रेकर पॅनेलवर काय बोलणार, छपाईची चूक तर नाही ना, असं त्यांचं म्हणणं. चूक नाही. हा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला, आणि चाळीसेक वर्षं तो डोक्यात राहिला आहे.

१९८० च्या दशकात माझ्या एम.ए.च्या वर्गात एक मुलगा होता. दिवसा टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ, संध्याकाळी आमच्याकडे न्यायदर्शन शिकायला. एकदा मी वर्गात म्हणालो की कारण म्हणजे काय हे कोणालाच नीट माहीत नसतं. तो म्हणाला, "सर, एकदा आमच्या बॅटरी रूममध्ये या." गेलो. दारातच त्याने मला थांबवलं. "सर, घड्याळ काढा. अंगठीपण." मला वाटलं काही सोवळंओवळं आहे की काय. (हशा) आत २४ मोठे सेल ओळीने मांडलेले, आम्लाचा उग्र वास, आणि पान्यांच्या दांड्यांना गुंडाळलेली टेप. तो म्हणाला, "हे फक्त ४८ व्होल्ट आहेत, सर. हात लावला तर बहुतेक काही कळणारही नाही. पण दोन टोकांमध्ये धातू आडवा आला, तर हजारो अँपियर वाहतील. अंगठी वितळेल, आणि बोटासकट वितळेल."

शॉक बसत नाही म्हणून ही वीज सौम्य, असं समजणं चूक आहे, हे त्या दिवशी कळलं.

आता थोडा इतिहास. २८ जानेवारी १८८२ रोजी कोलकात्यात टेलिफोन एक्स्चेंज उघडलं, त्याच सुमारास मुंबईत आणि मद्रासमध्येही. त्या काळचा फोन कसा होता? प्रत्येकाच्या घरी फोनच्या पेटीत स्वतःचे सेल. बोलायला वीज तुमच्या घरची, आणि एक्स्चेंजला हाक मारायला हाताने फिरवायचा दांडा. सेल संपले की फोन मुका. शंभर ग्राहक असतील तर शंभर ठिकाणी जाऊन सेल बदलायचे. १८९० च्या दशकात अमेरिकेत यावर उपाय निघाला: सगळ्यांची बॅटरी एकाच ठिकाणी, एक्स्चेंजमध्ये ठेवायची आणि वीज बोलण्याच्या त्याच दोन तारांवरून घरी पाठवायची. ही सामायिक बॅटरी. शिसं आणि आम्लाचा एक सेल साधारण २ व्होल्टचा, २४ सेल म्हणजे ४८ व्होल्ट. जगभर हाच आकडा रूढ झाला, आणि आजही मोबाइल टॉवरखालच्या कपाटात बहुधा तोच सापडतो.

पण आकड्याआधी उणे चिन्ह आहे. उणे ४८. बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं, म्हणून शून्य वरच्या बाजूला आणि तार त्याच्या ४८ ने खाली. हे उलटं का? जमिनीतल्या तारेला ओल लागली की तिथे विद्युत अपघटन सुरू होतं. तार धन असेल तर तांबं झिजत जातं, ऋण असेल तर वाचतं. शून्य कुठे मानायचं हा निवडीचा प्रश्न आहे, हे नागपूरकरांना सांगायला नको. आपल्याकडे तर शून्य मैलाचा दगडच उभा आहे. मात्र एक्स्चेंजमधल्या शून्याची निवड तांब्याने केली.

या सामायिक बॅटरीचा फायदा आपण विदर्भातल्या लोकांनी पुरेपूर अनुभवला. २००५ च्या आसपासचं भारनियमन आठवा. कोराडी, खापरखेडा आपल्या उशाशी, आणि गावागावांत तासन्‌तास अंधार. पण काळा फोन उचलला की टोन यायचा. घरात लाइट नाही, फोन चालू! कारण त्याची वीज घरातली नव्हतीच, ती एक्स्चेंजच्या त्या सेलांमधून येत होती.

आता पॅनेलकडे येतो. सगळ्यांची बॅटरी एक झाली, म्हणजे सगळ्यांचं संकटही एक झालं. एका रॅकमध्ये बिघाड झाला तर सगळं एक्स्चेंज खाली बसू नये, म्हणून बॅटरीकडून येणारी जाड पट्टी, म्हणजे बसबार, आणि एकेक उपकरण यांच्यामध्ये काहीतरी हवं, जे वेळ आल्यावर तेवढीच फांदी तोडेल. आधी ते काम फ्यूजने केलं. जुन्या रॅकवरचे फ्यूज मोठे हुशार होते. आतली तार वितळली की ताणून धरलेली स्प्रिंग सुटायची आणि शेजारच्या पट्टीला टेकायची. त्या पट्टीवर घंटा जोडलेली. म्हणजे फ्यूज नुसता मरत नसे, मरताना ओरडून जात असे. तोडणं आणि सांगणं, ही दोन कामं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ब्रेकरची कल्पना एडिसनने १८७९ मध्येच मांडली होती, पण त्याने धंद्यात फ्यूज वापरले. आज आपल्या घरात जी 'एमसीबी पडते', तिचा पूर्वज १९२४ सालचा, जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झचा. त्यात दोन इंद्रियं: सावकाश तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी, आणि मोठा प्रवाह आला की झटकन ओढणारं विद्युतचुंबक. उत्तम युक्ती. पण ती नागपुरात आणली की काय होतं बघा. ही पट्टी ठरावीक तापमानाला जुळवलेली असते, ३० किंवा ४० अंशांना. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले, आणि उन्हातलं पत्र्याचं कपाट आतून त्याहून बरंच तापतं. (२०२४ च्या मे महिन्यात एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले होते, पण तिथे संवेदकच बिघडलेला निघाला. तेव्हा आकडा आला म्हणून विश्वास ठेवू नये.) अशा कपाटात पट्टी आधीच अर्धी वाकलेली. ३२ अँपियरचा ब्रेकर ३२ च्या आतच पडतो, दोष नसताना. म्हणून दूरसंचाराच्या पॅनेलमध्ये बऱ्याचदा दुसऱ्या जातीचा ब्रेकर असतो. त्यात तेलाने भरलेल्या नळीत लोखंडाचा गाभा सरकतो आणि सगळं काम चुंबकाचं. उन्हाने तेल थोडं पातळ होतं, वेळ किंचित बदलतो, पण किती अँपियरला पडायचं ते बदलत नाही.

आणखी एक. घरची एसी एमसीबी इथे चालत नाही. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ओढली की ओढलेलीच राहते. म्हणून डीसीसाठीच बनवलेला ब्रेकर घ्यायचा, आणि काहींवर धन-ऋण खुणा असतात, त्या उलट करायच्या नाहीत.

बसवताना काय करायचं हे मला त्याच विद्यार्थ्याने दाखवलं. पुढे तो माझा मित्रच झाला. पॅनेल रॅकच्या वरच्या भागात, आधी त्याच्या सांगाड्याचं अर्थिंग. सगळे ब्रेकर बंद. बॅटरीकडून येणाऱ्या तारा लग दाबून, सांगितलेल्या जोराने कसून. ढिला जोड गरम होतो, आणि ब्रेकरला ते कळत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. मग मीटर लावून व्होल्ट आणि धन-ऋण तपासायचं. उपकरणं एकेक करून चालू करायची. प्रत्येकाच्या पोटातले कपॅसिटर सुरुवातीला एकदम घोट घेतात, सगळ्यांना एकदम पाजायचं नाही. प्रत्येक ब्रेकरखाली नाव लिहायचं. आणि धोक्याच्या घंटेची तार जोडायची, जी बहुतेक लोक 'नंतर करू' म्हणतात.

ब्रेकर पडला तर? लगेच उचलायचा नाही. सगळी उपकरणं सोडवायची, ब्रेकर उचलायचा, मग एकेक जोडत जायचं. अमुक जोडलं की पडतो, अमुक काढलं की टिकतो. अहो, हा आपला अन्वय-व्यतिरेक! नैयायिकांनी धूर आणि अग्नी घेऊन सांगितलेली रीत हा मुलगा रोज वापरत होता, आणि मी मात्र वर्गात कारण कळत नाही म्हणून सांगत होतो.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिथे येतो. ब्रेकर किती अँपियरचा घ्यायचा? २४०० वॉटचं उपकरण धरा. घरच्या २३० व्होल्टवर साडेदहा अँपियरच्या आत भागतं, ४८ व्होल्टवर मात्र ५० लागतात. म्हणून इथे मनगटाएवढ्या तारा. पण रोज बॅटरी चार्जरवर असते, तेव्हा व्होल्ट साधारण ५४. प्रवाह ४४ च्या आसपास. ५० चा ब्रेकर लावला, वर्षानुवर्षं मजेत चालतो, तपासणीलाही पास. मग एका मे महिन्यात लाइट जाते. बॅटरी उतरू लागते, ५० व्होल्ट, ४८, ४४. उपकरणाला तर वॉट तेवढेच हवेत, म्हणून ते जास्त प्रवाह ओढतं. ४४ व्होल्टला साडेचौपन्न अँपियर. आणि ब्रेकर पडतो. ज्या तासासाठी बॅटरी ठेवली, नेमक्या त्या तासाला.

तेच दोन पुरवठ्यांचं. महत्त्वाच्या उपकरणाला अ आणि ब अशा दोन बाजूंनी वीज देतात. रोज दोन्ही अर्धं अर्धं ओझं वाहतात. कोणी हळूहळू उपकरणं वाढवली आणि प्रत्येक बाजू साठ टक्क्यांवर गेली, तर रोजच्या दिवशी काही दिसत नाही. अ पडली की सगळं ओझं ब वर, एकशे वीस टक्के, आणि ब ही पडते. दोन आधार होते असं फक्त वाटत होतं. या पॅनेलची परीक्षा चांगल्या दिवशी होतच नाही. अनुमानाच्या भाषेत सांगायचं तर, 'आजवर पडला नाही' हा इथे हेत्वाभास आहे.

याच्या उलट चूकही माझ्या पाहण्यात आहे. एका ठिकाणी, नाव घेत नाही, उन्हाळ्यात ३२ चा ब्रेकर सारखा पडायचा. रात्री-अपरात्री फोन यायचे. कंटाळून कोणीतरी तिथे ६३ चा बसवला, तार तीच ठेवली. पडणं थांबलं, सगळे खूश. काही महिन्यांनी तारेचं वेष्टण काळं पडून गळू लागलेलं आढळलं. आपण घरी तेच करत आलो: चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये एकाऐवजी तारेचे तीन पदर. पण ब्रेकर उपकरणासाठी नसतोच हो! तो मधल्या तारेसाठी असतो. तारेला जेवढं सोसतं, त्याच्या आत तो पडला पाहिजे.

जगात याची मोठी किंमत मोजली गेली आहे. ८ मे १९८८, रविवार, शिकागोजवळचं हिन्सडेल. एक्स्चेंजच्या इमारतीत त्या दिवशी कोणी नव्हतं. तारांच्या ट्रेमध्ये बिघाड होऊन ठिणग्या सुरू झाल्या. संरक्षक साधनांनी तोडावं एवढा प्रवाह सलग वाहिला नाही, पण आग लागायला तेवढा पुरला. धोक्याची सूचना दूर स्प्रिंगफील्डला पोचली होती, पण लगेच अग्निशमन दलाला कळवलं गेलं नाही. जवान आले तेव्हा वीज तोडायला बराच वेळ गेला, कारण बाहेरची वीज बंद केली तरी बॅटरी पुरवतच होती. सुमारे ३५,००० ग्राहकांचे फोन बंद पडले, विमानतळांचं कामकाज अडलं, आणि सेवा पूर्ववत व्हायला आठवडे लागले. १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच शहरात आहे. तिथे जाणाऱ्या तरुणांनी ही घटना जरूर वाचावी. मेन स्विच बंद केला म्हणजे इमारत मेली असं टेलिफोनच्या इमारतीत होत नाही.

दुसरी घटना १७ सप्टेंबर १९९१ ची, न्यूयॉर्कची. ती मला जास्त लागते, कारण ती भारनियमनातून घडली. उकाड्यामुळे वीज कंपनीने विनंती केली, म्हणून एटी अँड टीने मॅनहॅटनमधलं आपलं केंद्र स्वतःच्या जनरेटरवर घेतलं. त्यात रेक्टिफायर बंद पडले. केंद्र मुकाट्याने बॅटरीवर गेलं आणि सुमारे सहा तास बॅटरीने ओढलं. धोक्याच्या सूचना होत्या, पण बघायला कोणी नव्हतं. तंत्रज्ञ कुठे होते? प्रशिक्षणाला गेले होते. विषय: नवी धोकासूचक यंत्रणा! (हशा) हसू येतं खरं. पण संध्याकाळी पाचच्या आत बॅटरी संपली आणि न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या विमानतळांची उड्डाणं खोळंबली. मघाची दोन कामं आठवा, तोडणं आणि सांगणं. इथे यंत्राने सांगितलं, ऐकणारा नव्हता.

आता शेवटचं. आपल्या घरी फायबर आला. काच वीज वाहून नेत नाही. एक्स्चेंजची बॅटरी आता तुमच्या फोनपर्यंत पोचत नाही, घरात लाइट गेली की भिंतीवरचं ते पांढरं खोकं बंद आणि फोनही बंद. १८८२ साली जिथे होतो तिथे आलो: ज्याची त्याची बॅटरी ज्याच्या त्याच्या घरी. मागच्या मे महिन्यात रात्री लाइट गेली, सौ.ची तब्येत बरी नव्हती, डॉक्टरांना फोन लावायला गेलो तर फोन बंद. मोबाइल होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी तोच विद्यार्थी आला, तोही आता निवृत्त. खोक्यासाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी घेऊन आला. जोडून झाल्यावर मी विचारलं, "किती वेळ चालेल रे?" तो म्हणाला, "सर, डब्यावर चार तास लिहिलंय. आपण आत्ता लाइट बंद करून बघू."

आम्ही मेन बंद केला आणि घड्याळ लावून बसलो. दोन तास चाळीस मिनिटं.

प्रश्न असतील तर घेऊ या.