रेवसची लाँच आणि मामूंचे जहाज

आमच्या पोखर्णीला समुद्र नाही. परभणी जिल्ह्यातले हे गाव लोकांना माहीत आहे ते नृसिंहाच्या देवळामुळे. पाणी म्हणजे विहिरीचे, पावसाळ्यात ओढ्याचे, आणि दूर कुठेतरी गोदावरीचे. तरीही गावातल्या मुसलमान घरांत जहाज हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सतत असे. कोण कोणत्या साली जहाजाने हजला गेले, यावरून जन्म आणि लग्नांचा हिशेब मांडला जाई.

गेल्या हिवाळ्यात माझे मामू डोळे दाखवायला देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला आले. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे १९४८ साली, त्यांचा जन्म. मी इथे उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे पाहुण्याला मुंबई दाखवण्याचे काम घरात नेहमी माझ्याकडेच येते. डॉक्टरांचे काम आटोपल्यावर मामूंना विचारले, "हाजी अली? गेटवे?" मामू म्हणाले, "वो सब देख्या बेटा. अब्बा जहाज में बैठे थे ना, वो जगा बता."

हे सोपे नव्हते. गोदीला भिंत आहे, दरवाजे आहेत, पास लागतो. माझ्यासारख्या मास्तराला कोण आत सोडणार? मग सुचले, जमिनीवरून दिसत नाही ते पाण्यावरून दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली.

भाऊचा धक्का म्हणजे बर्फ, मासळी, टोपल्या आणि ओली जमीन. मामूंनी पायजमा वर धरला आणि नाकाला रुमाल लावला. हा भाऊ कोण, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. लोक त्यांना भाऊ रसूल म्हणत. रसूल हे नाव ऐकून मामू एकदम खूश झाले. ते रसेल नावाच्या इंग्रज साहेबावरून पडले असे म्हणतात, हे मी त्यांना सांगितले नाही. इतिहासाच्या शिक्षकाने असे करू नये, पण सत्तरी ओलांडलेल्या पाहुण्याच्या बाबतीत एवढी सूट घ्यायला हरकत नसावी.

लाँच सुटली आणि मागे माझगाव राहिले. आज तिथे युद्धनौका बांधल्या जातात. १६७० नंतरच्या वर्षांत याच पाण्यात जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात नांगर टाकून राहत असे. इंग्रज त्याला आसरा देतात, ही शिवाजी महाराजांची मोठी तक्रार होती. पुढे १६८९ साली सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, माझगाव आणि माहीम त्याने घेतले आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडून ठेवले. औरंगजेबाची माफी मागितल्यावर, १६९० साली, इंग्रजांची सुटका झाली.

एवढे वाचून आपल्यातला एखादा तरुण छाती फुगवतो आणि दुसऱ्या बाजूचा एखादा तरुण मुठी आवळतो. दोघांनीही जरा दक्षिणेकडे पाहावे. रेवसच्या लाँचमधून खांदेरी दिसत नाही. ते बेट मांडव्याच्या पलीकडे, थळच्या समोर आहे. १६७९ साली महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांच्या जहाजांशी झुंजायला मराठ्यांची गलबते घेऊन कोण आले होते? दौलतखान. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. मग शेजारच्या उंदेरीवर येऊन बसला तो सिद्दी कासम. म्हणजे हाकेच्या अंतरावर दोन बेटे, दोन्हीकडून तोफा, आणि दोन्हीकडे कलमा पढणारे दर्यावर्दी. आता 'मुसलमान कोणाच्या बाजूने लढले' या प्रश्नाचे उत्तर माझ्या वर्गातल्या पोराने काय लिहावे? महाराजांच्या आरमारातल्या अधिकाऱ्याचा किताबही दर्यासारंग असा होता, आणि त्यातले दोन्ही शब्द फारसीतले आहेत. बंदर, लंगर, किनारा, नाखुदा हेही फारसीतून आलेले. जहाज, खलाशी, तुफान अरबीतून. कोळीवाड्यातल्या माणसाला हे सांगायला गेलो तर तो हसेल. त्याच्या लेखी ते त्याच्या आजाचे शब्द आहेत, आणि त्याचे बरोबरच आहे.

आमच्या पाठ्यपुस्तकांत मुसलमान महाराष्ट्रात येतो तो १२९६ साली, घोड्यावरून, अलाउद्दीन खिलजीच्या मागून देवगिरीवर. मराठवाड्यातल्या आम्हा लोकांना तर हे इतके पाठ की दुसरी वाट असेल असा संशयही येत नाही. परंतु अरब प्रवासी अल्‌ मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे सन ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे चौल, अलिबागच्या खाली. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले आहे. राज्य हिंदू राजाचे. मुसलमानांचे तंटे त्यांचाच नेमलेला प्रमुख सोडवी. कोणी कोणाला जिंकलेले नव्हते. खिलजीच्या आधी पावणेचारशेहून अधिक वर्षे! मी हे सांगत होतो तेव्हा मामू सीगल पक्ष्यांना गाठी शेव टाकत होते. त्यांनी ऐकले की नाही, अल्लाह जाणे.

त्या दर्यावर्दी मुसलमानांची खूण शहरातही आहे. आदल्या दिवशी आम्ही क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीत जोहर पढलो होतो. १७७५ साली सुरू होऊन १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तळ्यावर कमानी उभारून बांधली आहे. तळे अजून आत आहे, त्यात मासे आहेत. पायऱ्यांवर बसून वजू करताना मामू म्हणाले, "ये तो बावडी हय!" कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांनी, नाखुदांनी ती वाढवली, सांभाळली. पुढे याच व्यवसायातून मोठे झालेल्या सर मोहम्मद यूसुफ यांनी दिलेल्या पैशातून जोगेश्वरीला १९३० साली इस्माईल यूसुफ कॉलेज उभे राहिले.

उजव्या हाताला आता गोद्या दिसू लागल्या. प्रिन्सेस गोदी १८८० सालची. व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या. पुढे इंदिरा गोदी, पूर्वीची अलेक्झांड्रा, १९१४ सालची. क्रेन, शेड, गंजलेले पत्रे. मामू उठून कठड्याशी गेले.

हजची वाहतूक या बंदरातून किती जुनी, ते सांगायला हवे. १८७७ साली स्थापन झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी पुढे मोगल लाइन झाली, १९८६ साली ती सरकारी शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. तिच्या जहाजांची नावे आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ असत: इस्लामी, मोहम्मदी, मुजफ्फरी, पुढच्या काळात अकबर, नूरजहाँ, अकबरी. १८८६ साली इंग्रज सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या कंपनीकडेही सोपवून पाहिली होती. तांबड्या समुद्रात कामरान बेटावर १८८२ पासून क्वारंटाइन असे. तिथल्या वाफेच्या भट्टीतून निघालेले कपडे आखडून येत अशा कहाण्या हाजी सांगत. कफन सोबत नेत, कारण परत येण्याची खात्री नसे. कोणी वाटेत वारले तर जनाजा पढून मय्यत समुद्रात सोडली जाई. १९९५ साली शेवटचे जहाज गेले आणि मग सगळे विमानावर आले.

मामूंचे अब्बा, म्हणजे माझे नाना, १९६० साली गेले. ईद मार्चच्या अखेरीस झाली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी घर निघाले. पोखर्णीहून बैलगाडीने परभणी, तिथून लहान रुळावरची गाडी मनमाडपर्यंत, मनमाडला उतरून मोठ्या रुळावरची मुंबईची गाडी. सामान पाच जण मिळून एका फलाटावरून दुसऱ्यावर नेत होते. तांदूळ, डाळ, लोणचे, सुकी कोथिंबीर, पाण्याची सुरई. मुक्काम साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात. बारा वर्षांच्या मामूंना त्या प्रवासातली एक गोष्ट पक्की आठवते: नानांच्या कमरपट्ट्यातल्या नोटा. त्यांच्यावर इंग्रजीत हज असे छापलेले होते. ही आठवण खरी आहे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या.

नाना जहाजात बसले तेव्हा परभणी द्वैभाषिक मुंबई राज्यात होती. १ मेला महाराष्ट्र झाला तेव्हा ते अरबस्तानात होते. चार वर्षांपूर्वीपर्यंत परभणी हैदराबाद राज्यात, त्याआधी निजामाची रियासत. एक शेतकरी आपल्या घरातून न हलता तीन राज्यांत राहिला, आणि एकदाच हलला तर परतेपर्यंत चौथे आले होते.

लाँच मोकळ्या पाण्यात आली तशी हलू लागली. लाइफ जॅकेटचे पट्टे मामूंनी घट्ट केले. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून पंधरा माणसे गेली, तेव्हापासून लाँचवाले जॅकेटकडे अधिक लक्ष देतात. याच रेवसच्या वाटेवर १७ जुलै १९४७ रोजी रामदास बोट बुडाली. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघाली आणि तासाभरात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मांडव्याकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घातल्या, जमेल तितक्यांना ओढून काढले. आषाढातली अवस म्हणून लोक सणाला गावी निघाले होते, हे नेहमी सांगितले जाते. एक गोष्ट मात्र मी पंचांगाशी हिजरी तारीख ताडून पाहताना कळली: त्याच अवसेनंतरच्या चंद्राने रमजान सुरू झाला. त्या बोटीत चाँदरात घरी करायला निघालेले कोकणातले आपले लोकही असणार. आणि त्याच रमजानच्या सत्ताविसाव्या रोजाच्या सुमारास देश स्वतंत्र झाला, आणि फाळणीही झाली.

मी हे मामूंना सांगितले. ते बराच वेळ गोदीकडे पाहत होते. मग म्हणाले, "चचा बी यांइच से गए."

कोण चचा? मला हे ठाऊकच नव्हते. नानांना एक धाकटा भाऊ होता. पोलीस ॲक्शननंतर नांदेडकडून जे ऐकू येत होते त्याने घाबरून तो १९४९ साली मुंबईला आला आणि बोटीने कराचीला गेला. घरात त्याचे नाव काढत नसत. पुढे मी डी.एड.ला, बी.एड.ला गेलो, नोकरीला लागलो. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी चहाच्या वेळी विचारले, तुमच्यातले किती गेले हो तिकडे? मी दरवेळी ठामपणे सांगत आलो, आमच्या घरातले कोणीही नाही. मला तेच खरे वाटत होते.

"मग नाना हजला..." मी एवढेच म्हणालो.

"हौ," मामू म्हणाले. "खत लिखे थे एक-दूसरे को. एक मुंबई से, एक कराची से. मिना में मिले. अकरा साल बाद."

जुलैत मोहम्मदी परत आले तेव्हा मामू पुन्हा गोदीवर होते. पोरे खजूर आणि जमजमच्या डब्यांभोवती जमली. मामूंनी चचांना पाहिले ते तान्हे असताना. त्यांनी अब्बांना विचारले, चचा कसे दिसतात? अब्बा म्हणाले, दाढी ठेवली आहे, बाकी माझ्यासारखेच.

"और क्या बोले चचा?" मी विचारले.

मामू हसले. तीन दिवस दोघे भाऊ एका तंबूत होते. पहिल्या रात्री रडून झाल्यावर चचांनी विचारले होते, मनमाडला गाडी अजून बदलावी लागते का?

समोर रेवसचा धक्का दिसू लागला होता. परभणीला मोठा रूळ आला तो १९९० नंतरच्या दशकात. चचा त्याआधीच कराचीत वारले होते. आम्ही उतरलो, धक्क्यावर चहा घेतला आणि त्याच लाँचने परत फिरलो. परतताना मामू डाव्या बाजूला बसले.