गिट : शेल आज्ञावलींचे सी भाषेत रूपांतर
संगणकीय आज्ञावलींच्या बदलत्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीतील, शेल भाषेत लिहिलेले भाग सी भाषेत पुन्हा लिहिण्याचे कार्य. लिनस टोरव्हाल्ड्‌झ यांनी एप्रिल २००५ मध्ये गिटची निर्मिती केली. त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हामानो तिची देखभाल पाहू लागले. आरंभीच्या अनेक आज्ञा शेलमध्ये होत्या. शेलमधील लेखन झटपट होते. परंतु वारंवार नवी प्रक्रिया सुरू करावी लागते आणि विंडोजवर ही क्रिया विशेष मंद असते.

‘कमिट’ व ‘क्लोन’ २००८ मध्ये, ‘पुल’ २०१५ मध्ये, ‘रीबेस’ बहुतांशी २०१८ मध्ये, ‘स्टॅश’ २०१९ मध्ये व ‘बायसेक्ट’ २०२३ मध्ये सी रूपात प्रसृत झाल्या. मोठ्या आज्ञांच्या बाबतीत एकेक फंक्शन सी भाषेत आणून उरलेली शेल आज्ञावली ते ‘हेल्पर’ आज्ञेद्वारे वापरीत असे. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर जुन्या चाचण्या लागू करता येत.

तथापि चाचण्या यशस्वी होणे परीक्षणास पुरेसे नसते. शेलच्या उपप्रक्रियेत बदललेले चल वा निर्देशिका ती संपताच पूर्ववत होतात. सी भाषेत तो बदल टिकून राहतो. वापरलेली स्मृती मोकळी करावी लागते, तसेच अपयशाचे संकेतांक जुळावे लागतात. कोठेही न नोंदलेले, परंतु वापरकर्त्यांच्या अंगवळणी पडलेले वर्तन नकळत बदलणे, हा यातील मुख्य धोका होय. म्हणूनच ‘रीबेस’ व ‘स्टॅश’ यांच्या जुन्या शेल रूपाकडे परतण्याची सोय काही आवृत्त्यांपुरती ठेवण्यात आली होती.