पॅरिस-21 : देणगीदार अनेक, आराखडा एक

नोव्हेंबर 1999मध्ये पॅरिसला एक बैठक भरली. संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय आयोग आणि आर्थिक सहकार्य व विकास संघटना (ओईसीडी) या पाच संस्थांनी ती बोलावली होती. विषय होता गरीब देशांची सरकारी आकडेवारी. त्या बैठकीतून ‘पॅरिस-21’ ही भागीदारी उभी राहिली आणि तिचे छोटेखानी सचिवालय ओईसीडीतच थाटले गेले.

वेळ अगदी निकडीची होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत खर्चकपातीची कुऱ्हाड अनेक देशांच्या सांख्यिकी कार्यालयांवर पडली होती; पदे रिकामी होती, जनगणना लांबणीवर पडल्या होत्या. आणि नेमक्या त्याच वर्षी जागतिक बँक व नाणेनिधीने कर्जमाफीसाठी दारिद्र्यनिर्मूलनाचा आराखडा मागायला सुरुवात केली. गरीब किती, कुठे, कशामुळे, हे मोजल्याशिवाय तो आराखडा लिहायचा कसा?

मोजणीसाठी पैसा येत नव्हता असे नाही. तो येण्याची रीत चुकीची होती. एका देणगीदाराला बालआरोग्याचे सर्वेक्षण हवे, दुसऱ्याला शेतीचे, तिसऱ्याला रोजगाराचे. प्रत्येकाची प्रश्नावली वेगळी, सल्लागार वेगळे, हिशेबाचे नमुने वेगळे. कार्यालयातली जाणती माणसे मात्र मोजकीच. क्षेत्रभत्ता पगाराला भारी पडला की ती एका प्रकल्पावरून दुसऱ्यावर जात राहणार, हे उघड आहे. मागे राहते ते रोजचे काम : बाजारभाव टिपणे, उद्योगांची यादी अद्ययावत ठेवणे, जन्म-मृत्यूची नोंद. या कामांना उद्घाटन नसते, म्हणून दाताही सहसा मिळत नाही. याचा परिणाम किती खोल जातो ते घानामध्ये दिसले. 1993 हे जुने पायाभूत वर्ष बदलून 2010मध्ये राष्ट्रीय उत्पन्न नव्याने मोजले, तेव्हा अर्थव्यवस्था आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी मोठी निघाली. इतकी वर्षे धोरणे आखली गेली ती त्या तोकड्या आकड्यावर.

पॅरिस-21ने यावर धरलेली वाट मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. आधी देशाने स्वतःचा सांख्यिकी विकासाचा राष्ट्रीय आराखडा करावा आणि देणगीदारांनी त्यातल्या कामांना पैसा द्यावा. फेब्रुवारी 2004मध्ये मराकेशच्या परिषदेत हे कृतियोजनेत उतरले : सर्व अल्प-उत्पन्न देशांचे आराखडे 2006पर्यंत तयार व्हावेत आणि 2010च्या जनगणना-फेरीची तयारी वेळेत सुरू व्हावी. त्यानंतर आराखडे भराभर लिहिले गेले. मात्र ज्यांच्यामागे स्वतःच्या सरकारचा पैसा आणि मन नव्हते, ते कागदावरच थांबले. रवांडात वेगळे घडले. तिथे 2005मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी संस्था स्थापन झाली, 2009मध्ये आराखडा आला आणि देणगीदारांनी त्यासाठी सामायिक निधी उभा केला. आधी कोणते सर्वेक्षण आणि नंतर कोणते, हे ठरवण्याचा अधिकार देशाच्या राजधानीकडे, किगालीकडे आला. समन्वयाचे सगळे मर्म या अधिकारात आहे.

देणगीदारांनाही आरसा हवा होता. कोण कोणत्या देशाला सांख्यिकीसाठी किती देतो, याचा अहवाल पॅरिस-21 प्रसिद्ध करू लागले. वर्षामागून वर्षे त्यात एकच गोष्ट दिसते : एकूण विकास-मदतीतला सांख्यिकीचा वाटा 0.3 टक्क्यांच्या आसपास. 2011मध्ये बुसान आणि 2017मध्ये केपटाउन इथे नव्या कृतियोजना ठरल्या. शाश्वत विकास उद्दिष्टांनी तर 230च्या वर निर्देशक देशांपुढे ठेवले. वाटा मात्र फारसा हलला नाही.

बाहेरची मदत मुरली की काय उभे राहते, याचे उदाहरण मुंबईत आहे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1956मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून सुरू केली. आशिया-पॅसिफिकमधले लोकसंख्यातज्ज्ञ तिथे घडले. 1992-93च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाला अमेरिकी पैसा होता, पण ते या संस्थेने पेलले आणि तेव्हापासून त्याच्या फेऱ्या तीच सांभाळत आली आहे.

सगळ्यांना अशी संस्था लाभलेली नाही. अमेरिकेने 1984पासून सुमारे 90 देशांत चालवलेला लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रम फेब्रुवारी 2025मध्ये अचानक थांबवला. काही सर्वेक्षणे अर्ध्यावर होती. ती पुरी करायला गेट्स फाउंडेशनने तात्पुरता निधी दिला. जिथे जन्म-मृत्यूची नोंदणी अपुरी आहे, तिथे किती बाळे पहिल्या वाढदिवसाआधी गेली हे कळते ते मुख्यतः अशा सर्वेक्षणांत आयांना विचारलेल्या प्रश्नांतून. पॅरिस-21च्या कामात आता नोंदणीचा हा प्रश्न सर्वांत वर यायला हवा.