तीन ओळींत फुटलेले शंभर कट्टे

आमच्या वरठीच्या रेल्वे स्टेशनवर पाटी आहे 'भंडारा रोड'ची. गावाचं नाव हरवण्याची आम्हाला सवय आहे, पण 2018 च्या डिसेंबरात मी एका माणसाचे साठ कट्टे हरवले.

एका राइस मिलसाठी मी जँगोत धानाच्या आवकीचं छोटं ॲप केलं होतं. एकूण कट्ट्यांवर शेतकऱ्याला उचल मिळायची, आणि मुनीम नावापुढची पहिली ओळ बघून पैसे द्यायचे. एक काका आले. "बाबू, माहं नाव तीनदा कसं आलं गा?" 40, 35, 25. उचल चाळिसांवरच मिळालेली.

मी नोंदी तपासल्या, बेरीज तपासली. सगळं बरोबर. शेवटी जँगोनं डेटाबेसला नेमकं काय विचारलं, ती एसक्यूएल क्वेरीच छापून पाहिली. ग्रुप बायमध्ये शेतकऱ्याच्या शेजारी तारीखही बसली होती! मी तर मॉडेलच्या मेटामध्ये 'यादी तारखेनुसार लाव' एवढंच लिहिलं होतं.

1970 मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यात ओळींना क्रमच नाही. क्रम पाहणाऱ्याच्या सोयीचा. जँगो मात्र 2003 मध्ये जन्मलं ते अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्रात. ताजी बातमी वर हवी, अशा ठिकाणी क्रम मॉडेललाच चिकटवणं सोयीचं वाटलं असेल, असा माझा आपला अंदाज. 2009 च्या 1.1 आवृत्तीत गटवार बेरजा आल्या आणि क्रमाचे रकाने गटांत शिरू लागले. दस्तऐवजात तेव्हापासून हे लिहिलेलं होतं, कारणासकट: तुम्ही सांगितलेला क्रम जँगो परस्पर काढणार नाही. मला ते पटतं, आणि रागही येतो. 2019 मध्ये 2.2 ने इशारा द्यायला सुरुवात केली. 2020 च्या 3.1 पासून मेटामधला क्रम गट फोडत नाही. क्वेरीत स्वतः ऑर्डर बाय तारीख लिहिलीत, तर आजही फोडतो.

माझ्याकडे 2.1 होती. क्वेरीच्या शेवटी रिकामं ऑर्डर बाय जोडलं. तारीख गेली, 100 आले. मिलनं उरलेल्या साठांची उचल दिली. काका मात्र पुढच्या हंगामापासून स्वतःची वही घेऊनच येऊ लागले.