पहिल्या धारेची किंमत



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘दारूची चव आणि दारूची किंमत’ असे सांगितले. चालक जरा चपापले. कामगार संघटनेचा माणूस मजुरीवर बोलेल, फार तर मुकादमाच्या उचलीवर बोलेल, अशी त्यांची समजूत होती. मी म्हटले, मजुरीवरच बोलणार आहे. फक्त हिशेब बाटलीच्या तोंडाकडून सुरू करतो. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे काय ते साखर कारखान्यांच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जाणत्यांनी उणेअधिक सांभाळून घ्यावे.

आधी शब्द पाहू. व्होडका हा शब्द रशियन. रशियनमध्ये पाण्याला ‘वोदा’ म्हणतात आणि त्याचे लाडके, छोटे रूप म्हणजे व्होडका. आपले संस्कृत ‘उदक’ आणि हा ‘वोदा’ एकाच कुळातले आहेत. व्हिस्की या शब्दाच्या पोटातही ‘जीवनाचे पाणी’ हाच अर्थ दडला आहे. आणि ज्या आबकारी खात्याच्या नावाने आपले वाडवडील दचकत, त्यातला ‘आब’ म्हणजे फारसीतले पाणीच. दारूला पाण्याचे सोज्वळ नाव देण्याची ही खोड बऱ्याच जगाला दिसते. मराठीने मात्र उदकाला दुसऱ्याच कामाला लावले. दारूपायी ज्याचे सारे गेले त्याने घरादारावर उदक सोडले, असे आपण म्हणतो.

दुसरा शब्द अस्सल आपला आहे: ‘पहिल्या धारेची’. मोहाची फुले भिजवून आंबवायची, मडके चुलीवर चढवायचे आणि वाफ नळीवाटे गार भांड्यात उतरवायची. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० अंशांना; म्हणून आरंभी जी धार पडते ती जहाल असते, आणि भट्टी जसजशी चालते तसतशी धार पाणचट होत जाते. पहिली महाग, शेवटची स्वस्त. दराच्या पायऱ्या कोणा कंपनीने शोधून काढलेल्या नाहीत. त्या मडक्यातच होत्या. गंमत अशी, की आजच्या कारखान्यातला रसायनतज्ज्ञ हाच आरंभीचा अंश बाजूला काढतो, कारण आल्डिहाइडसारखी लवकर उडणारी उग्र द्रव्ये त्यातच उतरतात. आपण जिला मिशीला ताव देऊन उंची म्हणत आलो, तिच्या तोंडचा भाग तो वेगळ्या पिपात ढकलतो.

उंची दारूने माणूस वाचतो, हलकीने मरतो, असा एक समज आहे. त्याला उत्तर इतिहासात आहे आणि ते आपल्या मुलखाच्या जवळचे आहे. अकबराचा मुलगा मुराद दख्खनच्या मोहिमेवर असताना १५९९ साली पूर्णेच्या काठी मेला. पिऊन पिऊन त्याची प्रकृती संपली होती. त्याचा भाऊ दानियाल बुऱ्हाणपुरात त्याच वाटेने गेला. बापाच्या हुकमाने त्याच्यावर पहारा बसला होता, तेव्हा दारू बंदुकीच्या नळीत लपवून आणली गेली आणि नळीतला गंज तिच्यात उतरला, असे तिसरा भाऊ जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. आणि आपण स्वतः एके काळी दिवसाला वीस वीस पेले दुबार गाळलेली दारू पीत होतो, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. त्यापेक्षा उंची दारू त्या काळी हिंदुस्थानात कोणाला मिळत असेल? राजपुत्र होते म्हणून त्यांची नोंद झाली, एवढेच. तळावरचा बैलवाला मेला असता तर कोणत्या बखरीत त्याला जागा मिळाली असती?

आपला धारूर पुढे निजामाच्या राज्यात राहिला. त्या राज्यात तेलंगणाकडे शिंदी आणि आपल्या बाजूला मोहाची दारू चाले. दुकाने गुत्त्याने दिली जात आणि आबकारी हे राज्याच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम होते. आपल्याकडे कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात आणि दारूच्या दुकानाला गुत्ता. दोन्ही शब्द एकाच वहीतून आले आहेत.

१९४८ साली निजामी संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता. तो १९५९ साली आपल्याकडेही लागू झाला. कायद्यामागचा हेतू थोर होता, याविषयी मला शंका नाही. पण मोहाची फुले ओढ्याआड गेली. काळा गूळ, नवसागर आणि बाभळीची साल एकत्र आली आणि हातभट्टी नावाचा नवा गृहउद्योग उभा राहिला. मग सरकारने दोर सैल केला, आणि १९७३ साली देशी मद्याचे नियम करून परवान्याची बाटली दुकानात मांडली. ही बाटली मोहाची नव्हती. ती मळीची होती. सहकारी साखर कारखान्यांची धुराडी तोवर जागोजागी उभी राहिली होती आणि साखर काढून उरलेली काळी मळी टाकायची कुठे, हा प्रश्नच होता. मोहाचे झाड कोणाच्या मालकीचे नव्हते. मळीला मालक होता.

आता व्होडकाकडे येतो. रशियात झारच्या सरकारने १८९० नंतरच्या दशकात दारूचा मक्ता स्वतःकडे घेतला, १९१४ साली महायुद्धाच्या आरंभी बंदी केली, आणि १९२५ साली सोविएत सरकारने व्होडका पुन्हा चालू केली. कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्यांनाही तिजोरीसाठी बाटली लागली, हे माझ्या पक्षातल्या जुन्या मित्रांना ऐकवले की ते विषय बदलतात. मेंदेलेयेव्ह या थोर रसायनशास्त्रज्ञाने चाळीस टक्क्यांचे प्रमाण ठरवले, अशी कथा सांगतात. त्याचा १८६५ चा प्रबंध अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणावर आहे खरा, परंतु चाळीस टक्क्यांची व्होडका हा त्याचा विषयच नव्हे. मोठ्या नावाखाली माल लवकर खपतो, हे शास्त्रज्ञाच्या नावालाही लागू आहे.

अमेरिकन सरकारने १९४९ साली व्होडकाची व्याख्या केली: जिला वेगळा गुण, वास, चव किंवा रंग नाही, ती व्होडका. ही व्याख्या २०२० पर्यंत कायद्यात होती. म्हणजे सत्तर वर्षे कायदा सांगत होता की हिला चव नाही, आणि बाटलीवाले निरनिराळ्या चवींसाठी निरनिराळे दाम घेत होते! २००५ साली न्यूयॉर्क टाइम्स या पत्राने वीसेक नामांकित व्होडका नावे झाकून जाणकारांना चाखायला दिल्या. महागड्या बाटल्यांच्या रांगेत स्मिरनॉफ ही साधी, स्वस्तातली बाटलीही मुद्दाम ठेवली होती. तीच पहिली आली.

अशी परीक्षा मीही एकदा पाहिली आहे. नव्हे, दिली आहे. एका मद्यार्क कारखान्यात हंगामी कामगारांच्या प्रश्नावर आमची बोलणी चालू होती. दुपारी तिथल्या रसायनतज्ज्ञाने आम्हाला प्रयोगशाळेत नेले. बोलणी रेंगाळली की अशी मैत्री होते. त्याने काचेची चार भांडी मांडली: एकात देशी, दुसऱ्यात साधी व्होडका, तिसऱ्यात परदेशी नावाची महागडी व्होडका. चौथ्यात काय आहे ते सांगितले नाही. आम्ही तिघे होतो. मी आणि ऊर्ध्वपातनाच्या स्तंभावर वीस वर्षे काम केलेले दोन कामगार. एक एक घोट घेऊन पाणी प्यायचे, असा नियम. देशी तर नाकानेच ओळखली, कारण तिच्यात संत्र्याचा अर्क होता. अर्क घालतात तो खालचा वास झाकायलाच. दुसरी घशाला किंचित खरवडत होती, तिसरी मऊ गेली. फरक नाही असे मी म्हणणार नाही, फरक होता. चौथी तिसरीसारखीच मऊ. आम्ही तिघांनीही चौथीला परदेशी ठरवले. रसायनतज्ज्ञ हसला आणि त्याने खिडकीतून बाहेरच्या टाकीकडे बोट दाखवले. ते त्याच कारखान्याचे शुद्ध केलेले तटस्थ मद्यार्क होते, साध्या गाळलेल्या पाण्यात उतरवलेले. दोघांपैकी वयाने मोठा कामगार बराच वेळ त्या भांड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी वीस वर्षं हीच काढतोय होय?”

आता दर पाहा. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढवले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ठरली ती अशी: देशी ८० रुपये, धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ची १४८, भारतात बनलेल्या विदेशी मद्याची २०५, आणि उंची विदेशीची ३६०. भारतात बनलेली विदेशी, हा शब्दप्रयोग सरकारच करू जाणे. दर चढतो तो बराचसा करापायी, आणि मग काच, झाकण व जाहिरात यांपायी. उंची बाटलीवर पुष्कळदा धान्याचे नाव असते. आपल्या जोंधळ्याची दारू करायला २००७ साली सरकारने अनुदान देऊ केले, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला विरोध केला होता, हेही इथे आठवावे.

पण मी मळीचाच हिशेब मांडतो, कारण तो आपल्या गावाचा आहे. एक टन उसातून सुमारे ४५ किलो मळी निघते. तिच्यातून साधारण १० लिटर मद्यार्क. ४२.८ टक्क्यांवर उतरवले की त्याचे २२ लिटर होतात, म्हणजे १२० क्वार्टर. देशीच्या दराने ९,६०० रुपये. साखर वेगळी, ती तर आधीच निघाली. आणि तो टनभर ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरायची मजुरी? जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ मिळाली, तीही संपाची हाक दिल्यावर, आणि दर झाला टनाला ३६६ रुपयांच्या आसपास. उंची दारूच्या एका क्वार्टरची किमान किंमत ३६०. पहाटे चारला थंडीत उठून एक टन ऊस आडवा करावा, तेव्हा एक बाटली येते.

आमचा माणूस ती घेत नाही. तो ऐंशीची घेतो, आणि ऐंशीही नसले की त्याखालची. त्या खालच्या पायरीवर काय असते, ते २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत दिसले. शंभरावर माणसे गेली. मिथेनॉल हे कारखान्यात वापरायचे रसायन. रंग, वास, धुंदी सारे दारूसारखेच. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, ते आधी डोळ्यांची नस जाळते. व्होडका ओळखू न येणारे आम्ही तिघे प्रयोगशाळेत हसलो होतो. मालवणीतल्यांनाही फरक ओळखू आला नव्हता.

एक प्रसंग सांगतो. हंगाम संपून टोळी परत निघाली होती आणि मुकादमाच्या वहीवर हिशेब चालला होता. आपल्याकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. खाते नवऱ्याच्या नावाने, उचलही त्याच्याच हातात. वहीत जागोजागी ‘खर्ची’ असे लिहिले होते. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, निम्मा ऊस माझा हाय नव्हं? मंग ह्यातल्या निम्म्या बाटल्या कोणाच्या?” मुकादमाने वही मिटली. मी ती पुन्हा उघडायला लावली आणि आम्ही पहिल्या पानापासून ‘खर्ची’ वाचू लागलो. अंधार पडेपर्यंत निम्मी वही झाली होती.